मापात पाप

दर पाच वर्षांनी मी त्याच अकरा घरांत जाते,
दोरू नदीच्या वरच्या अंगाला,
जिथे काळ्या दगडी पायऱ्यांवर द्राक्षवेली उन्हाळाभर भाजतात.
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, बगलेत फॉर्मचा गठ्ठा.

प्रश्न चौदावा:
आठवड्यात किती ग्लास?

बेल्मीरू म्हणतो, दिवसाला एक.
बाप तेवढीच घ्यायचा. लिही, सात.
म्हटलं, दाखव तो ग्लास.
फडताळातून त्यानं काढला
तो कधीकाळी ऑलिव्हची बरणी होता.
माझ्या मोजपात्रानं मी त्यात पाणी ओतत गेले,
आमच्या कागदावरचे अडीच ग्लास मावले
आणि वर बोटभर जागा उरली.
तरी लिहिलं, सात.
रकाना एवढासाच होता,
आणि त्याच्या बायकोनं भाजलेले चेस्टनट
सोलून माझ्यासमोर ठेवले होते.

झुल्मीरा म्हणते, मी? छे, शिवतसुद्धा नाही.
फक्त मांस मुरत घालताना चव बघते,
आणि दाढ ठणकली तर घोटभर कडक, पण ते औषध.
औषधाला रकाना नाही.

आणि अदेलीनू.
त्याच्यापुढे मी शून्य घातलं.
शून्य खरंच होतं, घरात थेंब नव्हता.
दोन वर्षांत तो गेला.
लांब शहरात बसून कुणीतरी बेरीज केली:
न पिणारे लवकर जातात,
एकेक घेणारे टिकतात.
पेपरात आलं. कॅफेवाल्यानं ते कात्रण
कॉफीच्या यंत्राशेजारी डकवलं,
वाफेनं ते पिवळं पडलं, कडा वळल्या,
तरी वाचता यायचं.

मला माहीत होतं.
अदेलीनूनं बाटली सोडली
ती यकृतानं हात टेकल्यावर,
डोळे हळदीसारखे झाल्यावर,
चाळीस वर्षं पिऊन झाल्यावर.
फॉर्मवर "पिता का?" होतं.
"कधीपासून सोडली, आणि का?" नव्हतं.
एका आजारी माणसाचं शून्य
गावभराच्या एकाला औषध ठरवून गेलं,
आणि ते शून्य माझ्या अक्षरात आहे,
छान गोल.

गेल्या वर्षी पत्र आलं.
हिशेब नव्यानं मांडलाय, सोडलेल्यांना वेगळं काढलंय;
फायदा म्हणून जो दिसत होता, तो आता सापडत नाही.
जेवढी कमी, तेवढी बरी.
पत्र घेऊन बेल्मीरूकडे गेले.
चौऱ्याऐंशीचा तो, कानातलं यंत्र नीट बसवून
दोनदा ऐकलं.
"म्हणजे मी जगलो तो हिच्यामुळे नाही?
मग कशामुळे?"
मला सांगता येईना.
चढ असेल. कोबीचं सूप असेल.
त्याचा धाकटा भाऊ याच बरणीतून प्यायचा,
एकसष्टाव्या वर्षी अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेला.
ते वेगळ्या पानावर आहे.

आता बरणीवर एक रेघ आहे,
मुलीच्या नेलपॉलिशची, तळापासून दोन बोटं.
ओततो, थर्मामीटरसारखी डोळ्यांसमोर धरतो,
जास्त झाली तर चमच्यानं काढून
परत बाटलीत.
रविवारी मात्र
रेघ भिंतीकडे करून ठेवतो.

मागच्या महिन्यात माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली,
वाटाण्याएवढी. काढली.
कशामुळे, ते डॉक्टरही सांगत नाहीत,
कारणांची यादी वाचतात, त्यात तीही असते.
दुसऱ्या दिवशी एक पोरगी आली,
नवी नर्स, पेनाचं टोपण दातात धरलेली.
माझाच प्रश्न तिच्या तोंडून:
आठवड्यात किती?

सव्वीस वर्षं विचारत आलेली मी
म्हणाले, रात्री जेवताना एक.

तिनं लिहिलं, सात.
कुठला ग्लास, ते काही विचारलं नाही.