साडेनऊ बार

दार लाव, एर्लेंड. वारा आत आला
की कागदावर मांडलेले वॉशर हलतात,
आणि मग या वयात मी टेबलाखाली रांगते.
बूट राहू दे पायात. बस.

जॅकेट उलटं टांग. खालची झडप दाब.
बघ, पडलं ना पाणी? वाटीभर.
हे गेल्या ऑक्टोबरचं, स्कापा फ्लोचंच.
तुझ्या माळ्यावर अख्खा हिवाळा काढला त्यानं,
भाडं न देता.
गोड्या पाण्यानं दोनदा धू.
आणि धुतलं म्हणून सांगू नकोस; धू.

ड्रायसूटच्या चेनला मेण लाव, एकेक दात पाहून.
मानेच्या रबराला शंखजिरं, बिनवासाचं.
आईच्या गुलाबाच्या डबीनं
मागचं रबर खाल्लं, विसरलास?
सिलिंडरच्या खांद्यावरचा शिक्का वाच. मोठ्यानं.
मे. म्हणजे तीन आठवडे उरलेत. चालेल.

आता तुझा रेग्युलेटर.
काल उघडला मी. पितळेच्या पोटात हिरवा कळंक,
मीठ कुणी न बोलावता आलेलं.
कोमट पाणी, व्हिनेगर, आणि तो गुणगुणणारा डबा,
रात्रभर मांजर त्याच्याकडं बघत बसलं होतं.
जुन्या ओ-रिंगा पितळी आकड्यानं काढल्या,
पोलादी नव्हे. एक ओरखडा पुरतो.
नव्यांना ग्रीस. लोणी नव्हे ते, माखायचं नसतं,
बोट चमकलं की झालं.

सिलिंडरला जोडते. मीटर लावते. गप्प बस.
आली सुई. साडेनऊ.
इथंच थांबायला हवी ती.
एक मिनिट.
चहा ओत.
दोन.
पाहिलंस? नाही? माझा चष्मा घे.
नऊ पूर्णांक सात.
कुणी हात लावलेला नाही.
दहा.

बसकेवर चरा असणार, केसाएवढा.
तेवढ्यातून हवा झिरपते आहे.

बोट सहाला सुटते, ठाऊक आहे मला.
पैसे भरलेत, तेही ठाऊक आहे.
नवी बसकी कर्कवॉलला, आणि दुकान दहाला उघडतं.
इथं टेबलावर हा अर्धा बार
म्हणजे काहीच नाही, तू म्हणतोस.
खाली पस्तीस मीटरवर, उलट्या जहाजाच्या पोटाशी,
आठ अंशांच्या पाण्यात
हवा एकदा सुटली की सुटतच राहते,
आणि घाबरलेला माणूस वर बघतो.
मी पाहिलंय एकाला वर बघताना.
ते आज नको.

तोंड पाडू नकोस. फळीवरचा निळा डबा काढ.
माझा आहे.
कान गेला त्याला आठ वर्षं झाली.
दर मार्चला हा सोडवते, धुते, परत जुळवते.
का, ते मी मलाही विचारलेलं नाही.
लाव मीटर.
साडेनऊ.
तीन मिनिटं. चहा संपला तुझा. साडेनऊ.

थांब, तोंडात घालू नकोस.
ते रबर माझ्या दातांचं झालंय:
डावीकडं खोल, जिथं तेव्हा दाढ होती.
तुझं दाखव.
अरे.
दोन्ही बाजूंनी आरपार चावलंयस.
आणि मला सांगतोस, इंगामावशी, मजा येते खाली.
येत असेल. दोन्ही खरं असेल.

नवं घालू. मऊ.
पट्टी ओढ घट्ट, अजून, आता शेपूट काप.
जुनं टाकू नकोस. इकडं दे.
नाही, तुझं नको; माझं.
एप्रनच्या खिशात राहू दे.

जा, झोप. पाचला उठवते.
मागच्या दारानं जा, पुढचं वाऱ्यानं आपटतं.
तुझा रेग्युलेटर राहू दे इथं, मीटरवर.
रात्रीत कधीतरी तो स्वतःच सिसकारेल.
किती वाजता, ते बघत बसेन मी.