सेवार्थ

लोक पक्ष्यांची जमवतात, रेल्वे इंजिनांची, थोर पुरुषांची.
मी सरकारी.
अशोकस्तंभ, आणि त्यावर एवढंच: सर्व्हिस.
पाच पैशालाही तोच, रुपयालाही तोच, रंग तेवढा निराळा.
बायको म्हणायची,
"नोकरीत बघितलं ते कमी पडलं का?"

पोवई नाक्याच्या उताराला हुसेन तांबोळींचं रद्दीचं दुकान.
मार्च सरला की कचेऱ्या तिथे येऊन रिकाम्या होतात.
"साहेब, तुमचा माल आलाय."
बसायला उपडा डबा देतात, गोणी पायानं सरकवतात.
पाटबंधारे, भूमी अभिलेख, हिवताप निर्मूलन,
वजने-मापे निरीक्षक,
शेळी-मेंढी पैदास केंद्र.
वासावरून खातं सांगतो मी:
कोषागाराला लाखेचा, पशुसंवर्धनाला फिनेलचा,
आणि शिक्षण खात्याला, का कोण जाणे, भिजल्या चटईचा.
सदतीस वर्षं बारनिशीला होतो.
नाकाला पेन्शन नाही, म्हणून ते अजून कामावर येतं.

खाकी पाकीट एकदा वापरून टाकायचं नाही, असा तेव्हा दंडक.
जुन्या पत्त्यावर काटकसरीची पट्टी डकवा, नवा पत्ता लिहा.
आता मी चहाच्या आधणावर ती धरतो.
पट्टी सुटते: मामलेदार, पाटण.
तिच्याखाली उपअभियंता, फलटण.
त्याच्याखाली मुख्याध्यापिका, मुलींची शाळा, रहिमतपूर,
आणि पार तळाला, पेन्सिलीनं, कुणाची तरी बेरीज.
हातचा एक विसरलेली.

कोल्हापूरचे रुईकर जाणकार. भिंग घेऊन येतात.
"पाकिटांचा पसारा कशाला? तिकीट सोडवा.
कोमट पाणी, वीस मिनिटं, बशीत."
त्यांचं खरं आहे.
डिंक विरघळतो, कागद तळाशी बसतो,
तिकीट आपण होऊन तरंगत वर येतं.
चिमट्यानं उचलायचं, टीपकागदावर पालथं घालायचं.
कुठून आलं होतं, कुणाला निघालं होतं,
काही उरत नाही त्याच्या अंगावर.

एक पाकीट मात्र मी पाण्यात घालत नाही.

पुनर्वसन शाखा. जावक क्रमांक ४१८.
पंधरा पैशांचं तिकीट, थोडं तिरकं.
श्री. रावजी भागू शेलार,
मु. वाकणवाडी, ता. जावळी.
पाठीवर पोस्टमनची लाल पेन्सिल:
'गाव धरणात गेले. इसम कोठे गेला कळत नाही. परत.'
त्याच्याखाली आमचा गोल शिक्का, आवक ५०२.
सोळा दिवसांचं अंतर.
दोन्ही आकडे एकाच हाताचे.
चारचं शेपूट असं खाली ओढायची खोड
अख्ख्या कचेरीत एकट्याला होती.

तेव्हा बावीस वर्षांचा होतो.
वाचलं असेलच. नोंद घेतली, पुढचं पाकीट उचललं.
बाहेर पानवाल्याच्या रेडिओवर काहीतरी चाललं असेल.
आमच्याच खात्यानं हलवलेला माणूस,
त्याला आमच्याच खात्यानं लिहिलं जुन्या पत्त्यावर,
आणि तो सापडत नाही
हे आमच्याच खात्याला कळवलं एका पोस्टमननं,
जो निदान काठापर्यंत गेला होता.

हुसेनभाईंनी ते वजनात धरलं नाही.
"बंद हाय की हो हे," म्हणाले, "आत कागद हाय."
आहे. उजेडासमोर धरलं की घडी दिसते,
टंकलेखनाच्या चार ओळी, खाली सहीचा फराटा.
प्लॉट मिळाला असेल.
किंवा, मुदतीत हजर न राहिल्यामुळे.
फोडलं नाही. माझ्या नावचं नाही ते.

स्टँडवर ठाण्याची गाडी लागली की
पाटीखाली उभ्या म्हाताऱ्यांना आडनाव विचारतो.
दोन शेलार भेटले. एक वाईचे, एक उगाच हो म्हणणारे.

आल्बमात प्रत्येक पाकिटाखाली लिहितो:
साल, रंग, दाते, वॉटरमार्क.
ह्याच्याखाली एकच शब्द आहे, प्रलंबित.
आणि रुईकर आले की सांगतो,
पुढचं पान चिकटलंय,
ओढू नका.