गळती

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
लेथवर ॲल्युमिनियमची कडी फिरते आहे.
दस्तगीर शिकलगार चष्मा कपाळावर ढकलून
व्हर्नियर उजेडात धरतो.
चौगल्यांची शलाका स्टुलावर,
पुढ्यातला चहा गार.

तिला बारा कड्या हव्यात.
पार उत्तरेला, जिथं झाड गुडघ्याच्या वर जात नाही,
तिथल्या जमिनीत रोवायला.
वर घुमट, आपोआप मिटणारा, उघडणारा;
जमीन जे सोडेल ते आत साठेल,
नळीतून यंत्रात जाईल,
दर अर्ध्या तासाला एक आकडा.

'जमीन गोठलेली न्हवं तिथली?'
'होती, मामा. हजारो वर्षांचं मेलेलं गवत,
शेवाळ, मुळं, जसंच्या तसं.
आता सुटायला लागलंय. कुजतंय.
वायू किती वर येतो, नीट कुणालाच ठाऊक नाही.
उन्हाळ्याचे दोन महिने मोजायचे
आणि वर्षाचा अंदाज बांधायचा.'

'म्हंजे दिवाळीचा गल्ला बघून
दुकानाची वर्षाची कमाई सांगायची.'
'तसंच.'

'खाचेत ढील किती चालंल?'
'अजिबात नाही. गळती म्हणजे खोटा आकडा.'

मग तो बोलत नाही.
वायू काय करतो ते त्याला ओतकामानं शिकवलंय:
वरून गुळगुळीत, देखणा जॉब,
टर्निंगला घेतला की पोटात पोकळी.
माल परत.

संध्याकाळी वडणगे. मोटरसायकलवर
कडी पोत्यात गुंडाळून.
चेचरांच्या गोठ्यामागं, शेणाच्या खड्ड्याशी
ती रबडीत कडी दाबते, घुमट ठेवते, नळी जोडते.
वहिनी पदरानं नाक धरून विचारतात,
'शेणाचा गॅस मोजायला एवढं मशीन?'
म्हशी मान वळवतात. रवंथ चालूच.

आकडा चढतो. चढतो.
अडकतो.

दस्तगीर उकिडवा बसून
ओलं बोट कडीभोवती फिरवतो,
ट्यूबचं पंक्चर शोधावं तसं,
आणि एके जागी थांबतो.
'हितं.'

केस जाईल एवढी फट.

रात्री शटर अर्धं ओढून पुन्हा लेथ.
'तिथं रात्र केवढी गं?'
'हिवाळ्यात सूर्यच नाही.'
'मग तवा कोण मोजतं?'
'कुणीच नाही. म्हणून तर कड्या
बर्फाखाली राहणार.'

बाराव्या कडीला, मातीत जाईल त्या कडेवर,
तो पंच ठोकून ठिपक्याठिपक्यांनी उठवतो:
को. १२.

पैशाचं नंतर बघू म्हणतो.
ती कोपऱ्यापर्यंत गेल्यावर हाक मारतो,
'आकडा आला की फोन कर.
कमी आला तरी.
जास्त आला तरी.'