कलोली

कालेर्वेच्या बाजारात मासे चिरते मी,
सोळा वर्षं झाली.
कलोली त्याहून जुना.

टकला, गळ्याशी लोंबती पिशवी,
पाय आपल्याच घाणीनं चुना फासल्यासारखे,
निवडणूक हरलेल्या चेअरमनसारखा
उभा गटाराकाठी,
आतड्यांची वाट बघत.

माझी छत्री त्यानं किती वेळा रंगवली
सगळा हिशेब आहे माझ्यापाशी.
शिव्याही दिल्यात, लुगांडात
आणि नवऱ्याच्या भाषेत,
शिव्यांना तीच बरी पडते.

मग पुलासाठी म्वुलेचं झाड पाडलं.
वास्स्वा बोडा-बोडावर बसल्या बसल्या म्हणाला,
सुटलीस, नान्सिकोम्बी.
चार दिवस छत्री कोरी.
चार दिवस आतडी बादलीतच
आणि माशांवर माश्या, माश्यांवर माश्या.

पाचव्या दिवशी मान वर केली,
तर बिल्डरच्या फलकावर,
'तुमच्या हक्काचं घर, थोडेच प्लॉट शिल्लक',
नेमक्या 'हक्काचं'वर काटक्यांचा ढीग.
तारेचे तुकडे, कुणाची तरी एक चप्पल,
आणि मधून डोकावणारं
कुरूप, भुकेलं, इवलंसं टक्कल.

कागदपत्रं नाहीत त्यांच्याकडे.
माझ्याकडे तरी कुठेत?
पालिकेची गाडी आली की पाटी उचलते,
गेली की मांडते.

आज छत्री सहा पावलं अलीकडे घेतली.
हो, त्याच्या टप्प्याबाहेर.
एवढी काही मी साधी नाही.

बादली मात्र
फलकाखालीच ठेवलीय, झाकण काढून.