दोन-सहाचं माप

अंमळनेरच्या बाजारात, भांड्यांची ओळ संपते तिथे
माझी टोपली. आधी वडिलांची होती.
साबणाचं पाणी, ओलं फडकं, लाकडी दांड्यांवर ओवलेला
हिरवा, लाल, चटणी रंगाचा किणकिणाट.
गावात कुठल्या पुरुषाला नाही ती मुभा मला:
परक्या बाईचा हात भर बाजारात हातात घ्यायचा,
अंगठ्याखालचं हाड दाबून मऊ करायचं,
तिनं डोळे मिटून ‘आई गं’ म्हणायचं
आणि कुणी काही म्हणायचं नाही.

नवरे निर्धास्त.
‘मोतीलाल ना? त्याचं काय, गाय आहे,’ म्हणतात.
त्यांना वाटतं त्याहून जास्त खरं आहे ते.

सुपडाबाई जिनिंगमधून थेट येते,
केसांत सरकी, भुवयांवर कापसाचे तंतू.
एकदा हात पुढे केला तर मनगटावर ओरखडे.
‘तीन वाढी गयात राते,’ म्हणाली,
शेजारच्या मिरचीवाल्याचा तराजू थांबेल इतक्या मोठ्यानं.
मी प्लास्टिकच्या दाखवल्या, न फुटणाऱ्या.
‘या वाजतस नही.’ तिनं ढकलून दिल्या.
‘मले वाजनाऱ्या दे, भाऊ. सासूले आयकू येवाले पाहिजे,
तिना आंडोर घर शे म्हनीसन.’
बायका पदरात तोंड घालून हसल्या.
एक उठून गेली.
सुपडाबाई दुसरा हात पुढे करून बसलेलीच.
‘त्याले काही येत नव्हतं. मी शिकाडं त्याले,’
आणि हसली. समोरचा दात नाही,
त्या फटीतून आख्खी दुपार दिसली मला.

मी डझन मोजल्या, चौदा भरल्या. दोन-सहाचं माप.
पैसे बाराचेच घेतले.

नर्मदा मास्तरीण बाजार उठताना आली.
मास्तर जाऊन तीन वर्षं.
हिरव्या मागितल्या.
मी काही विचारलं नाही, हात धुतला फक्त.
तीच म्हणाली: बँकेत कॅशियर आहे,
सात वर्षांनी लहान. पोहतो छान.
‘पोहतो छान’ म्हणताना तिच्या मनगटाची नाडी
माझ्या बोटांखाली अशी उडाली
की मीच बांगडी हातातून सोडली.

मला या बायका नकोत, कधीच नको होत्या,
देवाशपथ. तरी रात्री आडवा पडलो
की सुपडाबाईचा तो आवाज घोळवत राहतो,
लहानपणी चोरून आणलेली गूळभेली घोळवावी तसा.
आमच्याकडे घाबरटाला विचारतात,
हातात बांगड्या भरल्यात का?
तीस वर्षं भरतोय. ज्यांना भरल्या त्यांना ओळखतो.
माझेच हात रिकामे.

भिकन सावद्याहून केळीची गाडी घेऊन येतो,
महिन्यातून दोनदा, मध्यरात्रीनंतर.
शर्टावर केळीच्या चिकाचे डाग,
कितीही घासा, काळेच.
मी खिडकी लावतो. कूलर फुल्ल करतो.
पत्रा खडखडतो, पंप घरघरतो,
त्या खडखडाटाखाली आम्ही.
पौषातसुद्धा लावतो कूलर, वर दोन गोधड्या घेऊन.
शेजारच्या काकूंना सांगितलंय, मला पित्त आहे.
त्या कोकम आणून देतात बिचाऱ्या.

काल आला. भिंती अजून तापलेल्या,
बोरीच्या कोरड्या पात्रातून वाऱ्याची झुळूक नाही.
नेहमीसारखा त्यानं शर्ट खुंटीला लावला.
मी उठलो
आणि कूलरचं बटण बंद केलं.
पातं थोडा वेळ आपल्याच जोरावर फिरत राहिलं,
पाणी ठिबकलं, थांबलं.
पलीकडे काकू कूस बदलताना खाट करकरली,
इतकं ऐकू येत होतं.

‘लाइट गेली का रे?’ भिकननं कुजबुजत विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो,
बाजारात भाव सांगतो त्या आवाजात.