कुजबूज

डंडी, १९३१.
एफी गाउअन्स, चौदा पूर्ण.
दात : दोन किडके. छाती बरी.
उवा नाहीत, हे तिनंच आधी सांगून टाकलं.

नियमाप्रमाणे पाठीमागे सहा पावलं जाऊन मी कुजबुजलो,
"सत्तेचाळीस."
"सत्तेचाळीस."
"होडी."
"होडी."
"उद्या पाऊस."
ती हसली, "इथं रोजच की."

शिक्का उचलला तेव्हा दिसली
तिच्यासमोरच्या औषधाच्या कपाटाची काच,
काचेत माझी दाढी, माझे ओठ.

तिची आई वीस वर्षं तागाच्या मागावर.
त्या घरात बोलणं
डोळ्यांनीच ऐकतात.

पुन्हा विचारावं म्हणून
काचेकडे पाठ केली,
तोंड उघडलं.

एवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.
मी दचकलो.
ती वाकून बुटाची नाडी बांधत होती,
बांधत राहिली.

'लायक'वरची शाई
मी फुंकर घालून वाळवली.