उतार

तीन रात्री उभी राहिली की चौथ्या सकाळी
चावी फिरवावी तर नुसता एक 'टक'.
म्हणून दोन वर्षं मी खानापूर उतारांनी ओळखलं.
घरापुढचा उतार, पोस्टाजवळचा अर्धा,
आणि नंदगडच्या रस्त्याला तेवढा एक पुरता उतार,
जिथं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला
की म्हातारी दोनशेसात खोकून उठते
आणि मागच्या कुंड्या एकमेकींना धडकतात.

मेव्हण्याच्या साखरपुड्याला सपाट जागा मिळाली.
पाहुण्यांनी ढकलली, फेट्यांसकट.
त्याची सासू अजून भेटली की विचारते,
सुटली का हो गाडी?

बायको म्हणाली, रात्री ती बोलते.
कोण?
गाडी. अडीचला उठले तर अंगणात 'टिक' वाजलं,
मग बारीक गुणगुण, मग परत टिक.
मी म्हटलं, मांजर असेल.
मांजर टिक करतं व्हय?

रेल्वे फाटकाच्या अलीकडे दस्तगीर सनदीचं दुकान.
पाटी कानडीत. खाली खडूनं मराठीत, उधारी बंद.
मी सांगितलं, दोन बॅटऱ्या बदलल्या,
डायनामो भरून घेतला, ह्याचं ऐकलं, त्याचं ऐकलं.
तो चहाची बशी पुसत म्हणाला,
माठ फुटका न्हाई तुझा,
कोण तरी गुपचूप पाणी पिऊलालाय.

उणेची तार सोडली. मधे मीटर जोडला.
दाराच्या खटक्यात आगपेटीची काडी खोचली,
दिव्याला वाटावं, दार लागलंय.
मग दोघं गप्प, आकड्याकडं बघत,
जसं दवाखान्यात काचेच्या नळीकडं बघतात.
शून्य पॉइंट त्रेचाळीस.
बंद गाडी येवढं पीत न्हाई, तो म्हणाला. ईग नोडू.

हॉर्नचा फ्यूज काढला. त्रेचाळीस.
वायपरचा. त्रेचाळीस.
मागच्या दिव्यांचा, जे तसेही लागत नव्हते. त्रेचाळीस.
सगळे फ्यूज त्याच्या मुठीत आले,
चिंचोक्यांसारखे,
आणि आकडा जागचा हलला नाही.

तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
चोर यादीत न्हाई, म्हणाला,
आणि बॅटरीपासून बोटानं तार चाचपत निघाला,
काळ्या तारेला काळी चिकटपट्टी, रबराच्या भोकातून आत,
चटईखालून, माझ्याच सीटखाली.
रेक्झिन उसवलं.
काथ्यात दडलेली एक लोखंडी पेटी,
हात लावला तर ऊबदार,
कोंबडीखालच्या अंड्यागत.

मला गोकाकचा ईरण्णा आठवला, ज्याच्याकडून गाडी घेतली.
जत्रेतल्या नाटक कंपनीची जाहिरात करत फिरायचा,
टपावर दोन कर्णे. विकताना त्यानं कर्णे काढून घेतले,
माईक घेतला, टपाची भोकं सुद्धा बुजवून दिली.
एवढं तेवढं सीटखाली राहिलं.
अकरा वर्षांच्या कंपन्या बुडाल्या, नायिकांना नातवंडं झाली,
आणि हे आपलं रात्रभर जागं,
कुणी तरी येऊन 'आज रात्री ठीक साडेनऊला' म्हणेल म्हणून
टिक करून उठायचं, ऐकायचं, परत निजायचं.

पक्कडीनं तार तोडली.
शून्य पॉइंट शून्य एक.
एवढं गाडीचं स्वतःचं असतं, दस्तगीर म्हणाला. तेवढं पिऊ दे.

आणि गुंजीच्या वळणावर खालून कर्रर वाजतं, ते?
तो पोतं टाकून खाली गेला, हातोडीनं ठोकलं,
ग्रीस भरलं, बाहेर येऊन हात पुसले.
ह्ये कमानीचं हाय. वाजू दे. साकु.
अडीचशे घेतले, वर तुळशीसाठी एक कुंडी मागून घेतली.

चौथ्या सकाळी गाडी सपाट अंगणात एका चावीत लागली.
बायकोनं खिडकीतून बघितलं,
म्हणाली, रात्री कायसुद्धा वाजलं न्हाई. दोनदा उठले.

काल लोंढ्याला गेलो होतो. रस्ताभर जागा मोकळी होती,
तरी मी पुढं पुढं नेत राहिलो,
शेवटी शाळेमागं थोडा उतार सापडला, तिथं लावली.